व्यक्तिमत्त्व चाचणीचा अहवाल कसा वाचावा आणि त्यावर किती विसंबावे

दहावी-बारावीचे निकाल लागले की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत करिअर मार्गदर्शनाचे फलक झळकू लागतात आणि पुढच्या काही दिवसांत अनेक घरांत एक चकचकीत, रंगीत अहवाल येऊन पडतो. मुलगा 'अंतर्मुख विश्लेषक' आहे किंवा मुलगी 'उपजत नेतृत्वगुणी' आहे, असे त्यात लिहिलेले असते. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांना असाच अहवाल कंपनीच्या ऑनलाइन चाचणीतून मिळतो, आणि ज्यांना तो कोणीच देत नाही ते एखाद्या मोफत संकेतस्थळावर दहा मिनिटांत स्वतःच मिळवतात. मग घरात प्रश्न उभा राहतो, की हे खरे मानायचे का? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. मात्र अहवाल तपासून पाहण्याची पद्धत आहे, आणि ती पालकांना किंवा विद्यार्थ्यांना कोणत्याही तज्ज्ञाच्या मदतीशिवाय बऱ्याच अंशी वापरता येते.

त्यासाठी आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. प्रश्नावलीच्या स्वरूपाची चाचणी कोणाच्या मनात डोकावत नाही. तुम्ही स्वतःविषयी दिलेली उत्तरे ती गोळा करते, त्यांची बेरीज करते आणि ती बेरीज इतरांच्या बेरजेशेजारी ठेवून दाखवते. म्हणजे अहवालातील प्रत्येक आकडा ही मूलतः तुमचीच जबानी असते. तिला किंमत नसते असे नाही; पण ती किंमत तुम्ही कोणत्या मनःस्थितीत, कशासाठी आणि कोणाच्या नजरेसमोर उत्तरे दिलीत यावर ठरते.

आधी चाचणीची जात ओळखा

अहवालाचा मजकूर वाचण्यापूर्वी तो कशावरून तयार झाला आहे, हे पाहावे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता, स्वभाव आणि योग्य शाखा सांगणाऱ्या चाचण्या आपल्याकडे हजारो रुपये घेऊन केल्या जातात. बोटांवरील रेषा गर्भावस्थेतच घडतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यांच्यावरून स्वभाव किंवा व्यवसायाचा कल कळतो, याला शास्त्रीय आधार नाही. अशा अहवालावर अधिक वेळ घालवू नये. हस्ताक्षरावरून किंवा आवडत्या रंगावरून स्वभाव सांगणाऱ्यांनाही हाच न्याय लावावा.

कलचाचणी ही त्याहून वेगळी आणि उपयुक्त गोष्ट आहे, मात्र ती व्यक्तिमत्त्व चाचणी नव्हे. काही वर्षांपूर्वी राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली होती. तिचा रोख कोणत्या क्षेत्रातील कामे विद्यार्थ्याला आवडतील यावर होता, विद्यार्थी स्वभावाने कसा आहे यावर नव्हे. आवड, क्षमता आणि स्वभाव या तीन निरनिराळ्या बाबी असून तिन्हींचे मापन वेगवेगळ्या साधनांनी करावे लागते. एकाच वीस मिनिटांच्या चाचणीतून तिन्ही कळतील असा दावा करणारा अहवाल तेवढ्या एका कारणासाठी संशयास्पद समजावा.

उरतात त्या स्वभावाच्या प्रश्नावल्या. त्यांतही दोन मोठे प्रवाह आहेत, आणि त्यांतील फरक ज्याला कळला त्याचे निम्मे काम झाले असे समजायला हरकत नाही.

साचा की मोजपट्टी?

पहिला प्रवाह माणसांना साच्यांत बसवतो. यातील सर्वांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे मायर्स-ब्रिग्ज. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या मानसिक प्रकारांच्या कल्पनेवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी ती रचली. चार जोड्यांपैकी प्रत्येकी एक बाजू निवडून चार अक्षरे तयार होतात आणि त्यांतून सोळा प्रकार निघतात. मोफत संकेतस्थळांवर जे सोळा प्रकार आढळतात, ते बहुतेक वेळा या मूळ चाचणीचेही नसतात, तिच्या धर्तीवर बनवलेले असतात.

दुसरा प्रवाह माणसाला कोणत्याही साच्यात न घालता काही मोजपट्ट्यांवर त्याचे स्थान दाखवतो. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांतील फरक दाखवणारे सुमारे १८,००० शब्द वेचून काढले. पुढे अनेक संशोधकांनी अशा शब्दांची छाननी आणि गणिती वर्गवारी करत करत पाच ढोबळ गुणविशेष निश्चित केले : नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यनिष्ठा, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. आज विद्यापीठीय संशोधनात प्रामुख्याने हीच पंचसूत्री वापरली जाते. ती कोणाला 'तुम्ही अमुक आहात' असे सांगत नाही. 'या बाबतीत तुमची उत्तरे तुलनेच्या गटातील शंभरांपैकी इतक्या जणांपेक्षा वरची आहेत', एवढेच सांगते.

साच्यांची अडचण अशी, की बहिर्मुखतेचे गुण मोजले तर बहुसंख्य माणसे मधल्या पट्ट्यात आढळतात. टोकाला दोन गर्दीचे घोळके आणि मध्ये रिकामी जागा, असे चित्र दिसत नाही. तरीही चाचणी मध्यावर रेघ मारून अलीकडच्याला अंतर्मुख आणि पलीकडच्याला बहिर्मुख ठरवते. एकोणसाठ टक्क्यांना दुसरा वर्ग आणि साठ टक्क्यांना पहिला वर्ग देण्यासारखाच हा प्रकार आहे. मायर्स-ब्रिग्जविषयीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या टीकाकारांनी नोंदवले आहे, की पाच आठवड्यांच्या अंतराने तीच चाचणी पुन्हा दिल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांचे चारांपैकी एक तरी अक्षर बदलले. माणूस पाच आठवड्यांत बदलला नाही. तो रेघेच्या जवळ उभा होता, एवढेच.

म्हणून अहवालात केवळ प्रकाराचे नाव असेल आणि मोजपट्टीवरील आकडा नसेल, तर तो आकडा मागून घ्यावा. देणाऱ्याकडे आकडाच नसेल, तर त्या अहवालाकडे करमणूक म्हणून पाहावे. करमणुकीत वाईट काही नाही, परंतु तिच्यावरून शाखा निवडू नये.

आकड्याभोवतीची मोकळी जागा

आकडा मिळाल्यावर तो नेमका वाटतो, आणि येथेच शिकलेली माणसेही फसतात. चाचणी किती स्थिर आहे हे ० ते १ यांमधील विश्वसनीयता गुणांकाने सांगतात. चांगल्या, काळजीपूर्वक तयार केलेल्या प्रश्नावलीत तो ०.८ च्या आसपास असतो. हा आकडा चांगला असला, तरी त्याचा अर्थ काय होतो हे प्रत्यक्ष उदाहरणाने पाहू.

अनेक चाचण्यांत सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) १० धरून गुण दिले जातात. विश्वसनीयता ०.८ असेल तर मापनातील प्रमाणदोष, म्हणजे मिळालेला गुण खऱ्या गुणापासून साधारण किती ढळू शकतो ते अंतर, साडेचार गुणांच्या जवळपास येतो. एखाद्या मुलीला बहिर्मुखतेत ५५ गुण मिळाले, तर तिचे खरे स्थान साधारण ४६ ते ६४ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे, इतकेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. सर्वांत अबोल माणसापासून सर्वांत बोलक्यापर्यंत शंभर जण रांगेत उभे केले, तर ती पस्तिसाव्या स्थानाजवळ असू शकते किंवा ब्याण्णवाव्या. म्हणजे ती सरासरीपेक्षा थोडी अबोलही असेल किंवा चांगलीच बोलकीही असेल, आणि दोन्ही शक्यता त्याच ५५ मध्ये सामावलेल्या आहेत. यातून एक व्यावहारिक नियम निघतो : ४० ते ६० यांमधील गुणांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. ७० च्या वर किंवा ३० च्या खाली गेलेला गुण मात्र विचारात घेण्यासारखा असतो.

घरच्या घरी स्थिरता तपासायची असेल तर चाचणीच्या दिवशी तारीख आणि त्या आठवड्यातील विशेष घटना एका कागदावर लिहून ठेवाव्यात, जसे परीक्षा, आजारपण, घरातील लग्न किंवा भांडण. महिना-सव्वा महिन्याने आधीची उत्तरे न पाहता तीच चाचणी पुन्हा द्यावी. दोन्ही वेळा जे गुणविशेष एकाच टोकाकडे राहिले तेवढेच पुढच्या विचारासाठी ठेवावेत, बाकीचे सोडून द्यावेत.

'अगदी मीच आहे' असे का वाटते?

अहवाल पटतो, हा तो खरा असल्याचा पुरावा नव्हे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याचे स्वतंत्र व्यक्तिचित्र म्हणून एक कागद दिला. सर्वांना दिलेला मजकूर एकच होता आणि त्यातील बरीचशी वाक्ये बाजारात मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. तरीही विद्यार्थ्यांनी अचूकतेसाठी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. 'तुम्ही वरून शिस्तबद्ध दिसता, पण आतून कधीकधी अस्वस्थ असता' हे वाक्य कोणाला लागू पडत नाही?

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा, की अहवालातील प्रत्येक वाक्य उलटे करून वाचावे. 'आपल्याला प्रामाणिक माणसे आवडतात' याचे उलट कोणीही स्वतःविषयी मान्य करणार नाही. तेव्हा त्या वाक्यात माहिती शून्य आहे. 'अनोळखी लोकांच्या गटात तासभर राहिल्यावर आपल्याला एकांत हवासा वाटतो' हे वाक्य उलटे केले तरी काही जणांना ते पटेल; म्हणून मूळ वाक्यात काहीतरी ऐवज आहे. पेन्सिल घेऊन पहिल्या प्रकारची वाक्ये खोडत गेल्यास बारा पानी अहवालाची अनेकदा दीड-दोन पाने उरतात.

दुसरा उपाय घरातील तिघा-चौघांनी मिळून करायचा आहे. सर्वांनी एकच चाचणी द्यावी, कोणीतरी अहवालांवरील नावे झाकावीत आणि प्रत्येकाने त्यांतून आपला अहवाल ओळखून दाखवावा. आपल्या बहिणीचा अहवाल आपलाच म्हणून उचलला गेला, तर त्या अहवालाची लायकी वेगळी सांगावी लागत नाही.

प्रश्न कोणासाठी लिहिले होते?

माझ्या मते आपल्या भागात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला मुद्दा हाच आहे. बहिर्मुखता मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत 'पार्टीमध्ये मी अनेक निरनिराळ्या लोकांशी बोलतो' अशा अर्थाची विधाने असतात. जावळी तालुक्यातील एखाद्या गावातून मेढ्याला किंवा साताऱ्याला शिकायला येणारी मुलगी पार्टीला कधी गेलेलीच नसते, म्हणून ती 'नाही'वर खूण करते आणि तिचे गुण घसरतात. तीच मुलगी भोंडल्यात पुढे होऊन गाणी म्हणत असेल, गावच्या यात्रेत पाहुण्यांच्या पंगतीची सारी व्यवस्था पाहत असेल आणि बचत गटाच्या बैठकीत आईच्या वतीने ठामपणे बोलत असेल. प्रश्नावलीने तिचा स्वभाव मोजलेला नसतो. तिच्या वाट्याला कोणते प्रसंग आले, ते मोजलेले असते.

उपाय साधा आहे. अनोळखी प्रसंगाविषयीचे विधान आले की 'माझ्या आयुष्यात याच्या जागी काय येईल?' असे स्वतःला विचारून त्यानुसार उत्तर द्यावे, आणि अशी किती विधाने बदलून घ्यावी लागली ते मोजावे. चारापैकी एखादे विधान बदलावे लागत असेल, तर ती चाचणी तुमच्यासाठी बनलेली नाही. त्याबरोबरच चाचणी देणाऱ्याला हे विचारावे, की माझे गुण कोणाच्या गुणांशी ताडून पाहिले आहेत? अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी, मुंबईतल्या नोकरदारांशी, की मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्या वयाच्या मुलांशी? या तुलनेच्या गटाच्या गुणांना मानके म्हणतात, आणि ती ज्याला सांगता येत नाहीत त्याच्या आकड्यांना अर्थ नसतो. पंचसूत्रीसुद्धा सर्वत्र जशीच्या तशी आढळत नाही. बोलिव्हियातील त्सिमाने या शिकार व शेतीवर जगणाऱ्या, बहुतांशी निरक्षर समाजातील ६३२ प्रौढांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते पाच गुणविशेष स्पष्टपणे वेगळे निघाले नाहीत.

आणखी एक सवय तपासावी. वडीलधाऱ्यांसमोर किंवा शिक्षकांसमोर चाचणी भरणारी मुले 'सहमत' या रकान्याकडे झुकतात. चाचणी नीट रचलेली असेल तर त्याच गुणाविषयी सरळ आणि उलट अशी दोन्ही विधाने तिच्यात असतात. 'मी कामे वेळेवर करतो' आणि 'मी कामे पुढे ढकलतो' या दोन्हींवर 'सहमत' अशी खूण झाली असेल, तर अहवाल वाचण्याऐवजी चाचणी पुन्हा, एकांतात द्यावी. आई-वडिलांनी त्या वेळी खोलीत थांबू नये.

दुसऱ्याची साक्ष घ्या

स्वतःविषयी सर्व काही स्वतःलाच अधिक कळते, असे नाही. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की चिंता किंवा अस्वस्थता यांसारख्या आतल्या गोष्टींविषयी माणसाचे स्वतःचे मत अधिक अचूक ठरते. परंतु बुद्धी आणि सर्जनशीलता यांसारख्या, ज्यांत चांगले-वाईट असा शिक्का असतो अशा गुणांविषयी मित्रमंडळींचा अंदाज अधिक बरोबर येतो. कारण उघड आहे : अशा ठिकाणी आपला अहंकार आपल्याला नीट पाहू देत नाही.

म्हणून तीच प्रश्नावली तुमच्याविषयी दोघांकडून भरून घ्यावी. दोघेही घरातले नसावेत. एक वर्गमित्र किंवा सहकारी असावा आणि दुसरा तुम्हाला वेगळ्या भूमिकेत पाहणारा, उदाहरणार्थ तालमीतला, कबड्डीच्या संघातला किंवा शेतीच्या कामातला सोबती. तिघांची उत्तरे जेथे जुळतात तेथे चाचणीचे म्हणणे ग्राह्य धरावे. जेथे जुळत नाहीत तेथे कोण खोटे बोलत आहे हे शोधत बसण्यापेक्षा, तुम्ही कोणत्या ठिकाणी कसे वागता याची ती यादी आहे असे समजावे. कोरेगावकडच्या आल्याच्या शेतावर मजुरांशी खणखणीत आवाजात व्यवहार करणारा तरुण महाविद्यालयाच्या वर्गात महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही, हे काही अपवादात्मक नाही. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते, की व्यक्तिमत्त्व चाचणीचे गुण आणि एखाद्या ठरावीक प्रसंगातील वागणूक यांतील सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) क्वचितच ०.३ च्या पुढे जातो. पुढच्या संशोधनाने त्याला एक महत्त्वाची जोड दिली : एका प्रसंगाऐवजी अनेक प्रसंगांची सरासरी घेतली, तर गुणविशेषांचा अंदाज बराच चांगला लागतो. चाचणी उद्याच्या मुलाखतीतील तुमचे वागणे सांगणार नाही; वर्षभराचा कल सांगू शकेल.

सैन्यातील निवडीपासून काय घ्यावे?

देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली आणि अपशिंगे मिलिटरीसारखे सैनिकांचे गाव याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे सैन्यातील अधिकारी निवडणाऱ्या सेवा निवड मंडळाच्या चाचण्यांविषयी येथे फार चर्चा चालते. या चाचण्यांत उमेदवाराला चित्रे दाखवतात. प्रत्येक चित्र तीस सेकंद पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते. त्यानंतर साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद. मग साठ प्रसंगांवरील प्रतिक्रिया अर्ध्या तासात. आणि शेवटी स्वतःचे वर्णन. चित्रावरून गोष्ट लिहिण्याची ही पद्धत हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी १९३० च्या दशकात विकसित केली. चित्र किंवा शब्द पाहून उमेदवार जे लिहितो त्यावरून त्याच्या मनाचा अंदाज घेणाऱ्या अशा प्रक्षेपण चाचण्या एकेकट्या घेतल्या तर त्यांचा अर्थ बराचसा तपासणाऱ्यावर अवलंबून राहतो, ही त्यांच्यावरील जुनी आणि रास्त टीका आहे.

मंडळ मात्र केवळ त्यांच्यावर विसंबत नाही. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावरील गटकार्ये पाहणारा अधिकारी असे तिघे स्वतंत्रपणे मत बनवतात आणि शेवटच्या दिवशी ती मते एकत्र ठेवली जातात. मनसा, वाचा, कर्मणा असे त्याचे वर्णन केले जाते. क्लासमध्ये पाठ करून आणलेल्या वीरकथा येथेच उघड्या पडतात, कारण कागदावरचा धाडसी नायक मैदानावर फळी उचलायला पुढे येत नाही. नागरी जीवनातील अहवालालाही हीच कसोटी लावावी : कागदावर जे लिहिले आहे, त्याला बोलण्यातून आणि कृतीतून दुजोरा मिळतो का?

निर्णयासाठी वापर

कर्तव्यनिष्ठेचे गुण आणि नोकरीतील कामगिरी यांचा संबंध निरनिराळ्या व्यवसायांत सातत्याने आढळला आहे, तथापि त्यांतील सहसंबंध ०.२ च्या आसपासचा आहे. या आकड्याला त्यानेच गुणल्यास कामगिरीतील फरकाचा सुमारे चार टक्के भागच त्यातून स्पष्ट होतो. शेकडो अर्जांतून निवड करणाऱ्या कंपनीला एवढाही आधार उपयोगी पडतो. एकट्या मुलाचे भवितव्य ठरवायला तो अपुरा आहे. शिवाय पंधराव्या वर्षीचा स्वभाव कायम राहत नाही. दीर्घकालीन अभ्यासांनुसार वीस ते चाळीस या वयात कर्तव्यनिष्ठा आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढत जाते. दहावीतील 'बेशिस्त' हा शिक्का म्हणूनच फार जपून वापरावा. शाखा निवडताना आवड, गुणपत्रिका, घरची परिस्थिती आणि त्या शाखेतील प्रत्यक्ष काम दोन-चार दिवस पाहून आलेला अनुभव यांना आधी स्थान द्यावे, आणि व्यक्तिमत्त्वाचा अहवाल शेवटी, संभाषणाला सुरुवात करून देणारा कागद म्हणून पुढे ठेवावा.

भावनिक अस्थिरतेचे गुण टोकाला गेलेले असतील आणि त्याबरोबरच झोप उडणे, जेवण सुटणे, लोकांना टाळणे असे प्रत्यक्ष दिसत असेल, तर अहवाल बाजूला ठेवून शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या चाचण्या वेगळ्या असतात. मिनेसोटा विद्यापीठातून १९४३ मध्ये पुढे आलेल्या अशा एका चाचणीच्या १९८९ च्या आवृत्तीत ५६७ विधाने आहेत आणि उत्तरे प्रामाणिक आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या स्वतंत्र मोजपट्ट्याही आहेत. त्या प्रशिक्षित चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडूनच घ्याव्यात आणि त्यांची नोंदणी विचारण्यात संकोच करू नये.

राहिला प्रश्न उत्तरांच्या मालकीचा. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणाची सुरुवात फेसबुकवरील एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ॲपपासून झाली होती, आणि फेसबुकच्याच अंदाजानुसार त्यातून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली असावी. मोफत चाचणी देताना खरा मोबाइल क्रमांक आणि जन्मतारीख देऊ नये, मित्रयादीची परवानगी तर मुळीच देऊ नये. शाळेने किंवा कंपनीने चाचणी घेतली असेल तर उत्तरे कोण पाहणार, किती काळ ठेवणार आणि अहवालाची प्रत आपल्याला मिळणार का, हे भरण्यापूर्वी लेखी विचारावे. प्रत मिळाल्यावर तिच्या पहिल्या पानावर चाचणीचे नाव, तारीख आणि त्या वेळचे वय ठळक अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे पाच वर्षांनी ती कोणाच्या हाती पडली तरी तो आजचा माणूस समजून वाचली जाणार नाही.